दिनूच्या गाडीतली डावी सीट

मीराचा फोन आला तेव्हा मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या आमच्या नेहमीच्या देशी दुकानात गवार निवडत उभा होतो. मीरा ही दिनूची मुलगी. ती मला फोन कधी करत नाही, मेसेज करते, तोही इंग्रजीत. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसताच मी गवार हातात तशीच धरून फोन घेतला. "काका, बाबा गेला... आज सकाळी, झोपेतच," ती म्हणाली. गवार तिथेच ठेवून मी पार्किंगमध्ये आलो आणि आपली गाडी कुठे लावली आहे हेच आठवेना. दिनूला, म्हणजे दिनकरला, जाऊन आता दीड महिना झाला. चाळीस वर्षांची दोस्ती, तेव्हा लिहायला हवं असं सगळे म्हणत होते, मी टाळत होतो. लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे येते आणि ती मला फारशी शोभा देणारी नाही. पण ती वगळून दिनूबद्दल लिहिणं म्हणजे त्याच्याशी पुन्हा एकदा खोटं वागणं होईल.

आम्ही दोघं एकाच चिप कंपनीत लागलो. मी नागपूरचा, बोलघेवडा. तो दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहानशा संस्थानी गावचा आणि मुखदुर्बळ. मात्र गाड्यांचा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण. त्यातही गाड्या कुठल्या, तर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका इंग्लिश कंपनीच्या. ती कंपनी श्रीमंतांसाठी आलिशान गाड्या करायची आणि त्याच गाड्या शर्यतीतही उतरवायची. आधी तिची दोन लिटरची चपळ गाडी, मग सहा सिलिंडरची तीन लिटरची, मग ती थोरली साडेचार लिटरची... हा वंशवृक्ष त्याने मला इतक्या वेळा ऐकवला होता, की माझ्या घराण्यातले पणजोबा मला सांगता येणार नाहीत, पण या गाड्यांच्या पिढ्या सांगता येतील. मूळ कारण साधंच होतं. त्याच्या गावच्या राजेसाहेबांकडे त्यातली तीन लिटरची उघडी गाडी होती. संस्थान गेल्यावर ती विकली गेली आणि लग्नाच्या वरातींना भाड्याने जाऊ लागली. मामाच्या वरातीत सात वर्षांच्या दिनूला ड्रायव्हरने शेजारी बसवलं होतं. नवरदेवाकडे कोणाचं लक्ष होतं की नाही कोण जाणे, दिनू मात्र वाटभर ड्रायव्हरचे पाय बघत बसला होता.

ओरेगनमधल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात तशीच गाडी पडून आहे, असा त्याला पंचावन्नाव्या वर्षी पत्ता लागला. गाडी म्हणजे सांगाडा, इंजिन आणि अकरा खोकी. पुढची सात वर्षं त्याची स्वतःची टोयोटा उन्हात उभी राहिली आणि गॅरेजमध्ये ही महाराणी. लाकडी चौकटीचे कुजलेले भाग त्याने स्वतः तासून बसवले. शैलावहिनी म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान स्वयंपाकाला हात लागला असता." पण सीटच्या चामड्याचा गडद हिरवा रंग त्यांनीच निवडला, आणि गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तिला हळदकुंकू लावून नारळही त्यांनीच फोडला. त्या नारळाच्या शिंतोड्यांवरून दिनू तासभर कुरकुरत होता.

गाडी चालवणं हा निराळाच प्रकार होता. ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे. गिअरचा दांडा दाराच्या बाजूला, उजव्या हाताशी. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकून दांडा टाकायचा. चुकलात तर खाली कोणी खडी दळतंय असा आवाज येतो. एका रविवारी कॉलेजच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दिनूने मोठ्या मनाने मला चालवायला दिली. मी ब्रेक समजून मधलं पेडल दाबलं आणि आम्ही दोघं थेट झुडपात. दिनू शांतपणे उतरला, पुढच्या दिव्यात अडकलेल्या फांद्या काढल्या आणि म्हणाला, "विन्या, तू बोलण्याचंच काम कर."

पण खरी मेख वेगळी होती. गाडी इंग्लिश, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे, आणि अमेरिकेत आपण चालतो रस्त्याच्या उजवीकडून. म्हणजे ड्रायव्हर बसतो पार कडेला. पुढे एखादा ट्रक असला की त्याच्यापलीकडचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. समोरून कोणी येतंय का, हे फक्त डावीकडे बसलेल्या माणसाला दिसतं. दोन पदरी रस्त्यावर त्याने "जा" म्हणायचं, मग ड्रायव्हरने गाडी बाहेर काढायची. "इंग्रजांनी ही गाडी अशी बनवली आहे, की अमेरिकेत ती एकट्या माणसाला चालवताच येऊ नये," दिनू म्हणायचा. कॉफीच्या खिडकीशी वहिनींनीच बोलायचं, पार्किंगचं तिकीट वहिनींनीच ओढायचं आणि "जा" किंवा "थांब" हेही त्यांनीच म्हणायचं. दर शनिवारी सकाळी दोघं समुद्राकडे जायची, हाफ मून बे, पेस्काडेरो. वहिनी "थांब" म्हणाल्या, तर चार-पाच मैल गवताच्या गाडीमागे रांगत जायलाही दिनूची तयारी असे. 'का' म्हणून त्याने कधी विचारलं नाही. एवढ्या विश्वासाने माझं कोणी कधी ऐकलं नाही, घरीसुद्धा.

मग वहिनींच्या डोळ्यांतलं मधलं दिसणं जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, झिजतोय. कडेकडेचं थोडं दिसत राहिलं, समोरचा माणूस दिसेना. त्यांनी स्वतःच मागची सीट धरली आणि डावी सीट माझ्याकडे आली. दिनूने मला रीतसर विचारलं होतं. "विन्या, बसशील का? शैलाच्या जागी दुसरं कोणी मला चालायचं नाही." मला किती अभिमान वाटला होता तेव्हा! दोन वर्षं आम्ही तिघं हिंडलो. डोक्यावर ऊन, मागून वहिनींचं गुणगुणणं आणि माझी अखंड बडबड... आयुष्यातले सगळ्यात चांगले शनिवार ते.

तो शनिवार साडेतीन वर्षांपूर्वीचा. पेस्काडेरोहून परत येत होतो. पुढे एक मोठी कॅम्पिंगची गाडी ढिम्म चालली होती. मी आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीतली काहीतरी भानगड रंगवून सांगत होतो. दिनूने विचारलं, "काय रे?" मी वाक्य न तोडता नजर टाकली, रस्ता मोकळा दिसला, "जा" म्हणालो आणि गोष्ट पुढे चालू केली. पुढे रस्त्याला खोल उतार होता आणि त्या उतारात एक पिकअप होता, हे नीट पाहिलं असतं तर मला दिसलं असतं. तो वर आला तेव्हा आम्ही त्याच्या समोर होतो. दिनूने कसा गिअर उतरवला, कसा ब्रेक लावला देव जाणे. आम्ही त्या गाडीच्या मागे परत आलो, खडीवरून घसरलो आणि कुंपणाच्या खांबाला मडगार्ड लागून थांबलो. दिनूला आणि मला खरचटलंही नाही. मागे वहिनींचं मनगट मोडलं.

कोणी काही बोलायच्या आधी दिनू म्हणाला, "चूक माझी. विन्या बोलायच्या आधीच मी गाडी काढली होती." मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो, आणि नको तिथे. पुढेपुढे मला ते खरंही वाटायला लागलं. असेलही, आधीच काढली असेल... पण त्या सीटवर काही परत बसलो नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "उद्या येतोस?" माझी कधी पाठ दुखायची, कधी नातू यायचा, कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते ऑपरेशन तर मी तीन वेळा सांगितलं, म्हणजे डोळे दोन असूनही. त्याने हसून सोडून दिलं. मडगार्ड सरळ करून रंगवलं. दुसऱ्या कोणाला त्याने विचारलं नाही आणि गाडी घाटात, समुद्राकडे पुन्हा कधी नेली नाही. आपल्याच गल्ल्यांमधून तो एक फेरी मारायचा, जिथे कोणाला ओलांडावं लागत नाही. ती फेरी माझ्या घरावरून जायची. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचो. कोपऱ्यावर दोनदा क्लच, मग दुसरा गिअर, अगदी मऊ. त्याने हॉर्न कधी दिला नाही, मीही बाहेर कधी आलो नाही. साडेतीन वर्षं! लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या शनिवारी वहिनींनी बोलावलं. मीरा आली होती. ती सॅक्रामेंटोला अग्निशमन दलात आहे, बंब चालवते, आणि गाडी ती घेऊन जाणार आहे. गॅरेजचं दार उघडं होतं, मीरा टायरची हवा बघत होती. "काका, मला राइट-हॅन्ड ड्राइव्हची प्रॅक्टिस हवीये. यू आर ऑन द लेफ्ट, ओके?" मी म्हटलं, पाठ दुखते. मीरा पंप आणायला आत गेली, तेव्हा वहिनी माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या.

"भाऊजी, अजून तेच धरून बसलात?"

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी दिनूने मी म्हणायच्या आधीच गाडी..."

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही 'जा' म्हणालात. मग दिनकरने तिसरा गिअर टाकला. मला दिसत नाही, ऐकू येतं."

मी तिथल्याच स्टुलावर बसलो. बसूनच विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"गाडी तोच चालवत होता ना? माझं प्लॅस्टर घालून घरी आल्यावर म्हणाला, विन्याला काही बोलू नकोस, नाहीतर तो परत बसायचा नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही तसेही बसला नाहीत. त्याला दर शुक्रवारी वाटायचं, या वेळी याल."

मी खूप रडलो, त्यांच्यासमोर, लाज न बाळगता. चूक माझी आहे हे ठाऊक असून तो मला बोलावत होता. निर्दोष म्हणून नाही, विन्या म्हणून. मी मात्र त्याच्या खोट्याआड लपलो आणि त्याचे शनिवार खाऊन बसलो. मीरा पंप घेऊन आली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि हवा भरू लागली.

मग आम्ही निघालो. वहिनी मागे, मी डावीकडे. मीराने गिअर दोनदा खरखरवला, तिसऱ्यांदा नीट पडला. डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरलो, तेव्हा पुढे एक घोडे नेणारी गाडी आली. हळू, मागे दोन शेपट्या हलताहेत. मीरा म्हणाली, "काका?" मी बाहेर वाकून पाहिलं आणि म्हणालो, "थांब." थोड्या वेळाने ती पुन्हा, "काका, नाऊ?" मी पुन्हा, "थांब." असं किती वेळा झालं मोजलं नाही. ती एकदाही कुरकुरली नाही, बापासारखीच मुकाट मागे चालत राहिली. रस्ता बहुधा मोकळा होता. पण माझे डोळे सारखे भरून येत होते, आणि तसल्या डोळ्यांनी मी दिनूच्या मुलीला "जा" म्हणणार नव्हतो.