मोटार कोणी भरली

विनाअनुदानित शाळेत मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवलं. अनुदान आज येईल, उद्या येईल, या आशेवर डोक्याचे केस पिकले. मग एका जूनमध्ये संस्थाचालकांनी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "मॅडम, यंदा विज्ञान आमच्या सूनबाई घेतील. तुमचं काय, घरी सगळं बरं हाय." सूनबाईंची पदवी कशातली, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला त्रेचाळिसावं लागलं होतं आणि घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

केजला माझ्या मामांचं मोटारी भरायचं दुकान आहे. मोटार भरायची म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची, आणि नवी तार वेढे मोजून खाचांत बसवायची. आमच्याकडे विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळतातच. कधी लाईटीला दाब नसतो, कधी एक फेजच गायब. लहानपणी सुट्टीत मी मामांजवळ बसून वेढे घालायचे तेव्हा आई ओरडायची, "पोरीच्या जातीला काय करायचंय ते!" आता मामांना बारीक तार दिसेना झाली होती. दुकान विकायच्या गोष्टी करायला लागले. मी म्हटलं, मला द्या.

"येडी झालीस का? बाईमानूस मोटारी भरती व्हय कुठं?"

"कावून न्हाई? तारेला कळतंय का, हात कुणाचा हाय ते?"

नवऱ्याने एवढंच विचारलं, "शॉक बसला तर?" म्हटलं, "शाळेत काय कमी बसले?"

आठ महिने मी दुकानाच्या मागच्या खोलीत मोटारी भरल्या. मामा पुढे बाकड्यावर बसायचे. गिऱ्हाईक मामांपुढे मोटार ठेवायचं आणि मामांचीच तारीफ करून घेऊन जायचं. मी चहा घेऊन पुढे गेले की लोक म्हणायचे, "भाची का? बरं हाय, म्हातारपणी चहापान्याची सोय झाली." मामा मान खाली घालायचे. मी कप ठेवून मागे जायचे. खरं सांगते, मोटारी मीच भरते हे बाहेर कळायची भीती वाटायची. आम्ही बौद्ध. मामांचं काम इतकं चोख, की ज्यांच्या घरी आमच्या माणसांना ओट्यावरच थांबवतात, तेही मोटार घेऊन मामांच्या दारात यायचे. ते नाव मामांनी हयातभर राबून कमावलं होतं. त्यावर डाग पडला असता, तर तो माझ्या हातून पडला असता.

आणि ऐन उन्हाळ्यात तो दिवस आला. जवळच्याच एका गावचे पुढारी, मोठे बागाईतदार, मोटार भरून घेऊन गेले होते. तिसऱ्या दिवशी जीप घेऊन परत. मागच्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं.

"मामा, हात गेला तुमचा. करंगळीएवढं पानी पडायलंय. ऊस वाळायलाय माझा. दिसत नसंल तर मानसानं दुकान बंद करावं."

मामा म्हणाले, "चूक झाली असंल, मालक. आना काढून, परत भरून देतो."

चूक? प्रत्येक वेढा मी मोजला होता. हौदात बुडवून मोटार चालवून बघितली होती. आणि सत्तरीच्या पुढचा माझा मामा, न केलेल्या चुकीसाठी मान वाकवून उभा! माझं डोकंच फिरलं. काळ्या हातांनी तशीच पुढे आले.

"मामांनी नाही भरली. मी भरली. आणि चूक झालेली नाही."

पुढाऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "बाईनं?" म्हणाला, आणि हसला. मग खिशातून मोबाईल काढला, तिथंच उभ्या उभ्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं: 'केजला मामाकडं मोटारी देऊ नका. तिथं आता बाई मोटारी भरती.' निम्मा तालुका होता त्या ग्रुपवर.

मामा बाकड्यावर बसले. हळूच म्हणाले, "कशाला बोललीस? परत भरून दिली असती, मिटलं असतं."

"परत भरली की चूक कबूल झाली, मामा. मग उद्या कोण येणार दुकानात?" मोटार उघडायची नाही, हे मी ठरवलं. ते दोन ओळींचं लिहिणं तसंच राहिलं असतं, तर दुकानाला कुलूप, आणि मी परत घरात बसणार. मी पुढाऱ्याला विचारलं, "पाण्यात सोडल्यावर मोटार स्टार्टरला जोडली कोणी?"

"मीच. आमच्यात मुहूर्ताचं जोडनं घरच्या मालकाच्याच हातानं. नारळ फोडायचा, जोडायचं, बटन दाबायचं. वीस वर्सं करतोय."

"चला मग विहिरीवर."

ऊस वाळत होता, म्हणून तो जीपमध्ये बसला. पक्कड आणि टेस्टर पिशवीत टाकून मी स्कूटीवर त्याच्या जीपमागे निघाले. जीपची सगळी धूळ खात गेले. विहिरीजवळ ऊस खुरपणाऱ्या बाया होत्या, पुढाऱ्याची म्हातारी आई बांधावर बसलेली. आमची वरात बघून सगळ्या उठून आल्या. स्टार्टरच्या पेटीवर हळदकुंकू होतं. त्याने बटन दाबलं. पाईपातून हौदात रडतखडत पाणी आलं.

पाण्यातली मोटार उलटी फिरते का सुलटी, हे वरून दिसत नाही. तीन वायरींतल्या दोन जागा बदलून बसल्या की ती उलटी फिरते. पाणी तरीही येतं, पण असं. शाळेतल्या पोरांना समजावत होते तसंच सगळ्यांना समजावलं. मेन स्विच पाडला, टेस्टर लावून बघितला, दोन वायरी सोडवून एकमेकींच्या जागी बसवल्या, परत स्विच टाकला आणि हिरवं बटन दाबलं.

पाईपाने असा हिसका दिला की पाणी हौदाच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळलं. बाया ओरडल्याच, "आगं बया, पानी बग!"

पुढारी खूश. म्हणाला, "चालतंय की! शेवटी मामाचा हात हाय."

मी लाल बटन दाबलं. पाणी बंद.

"ओ म्याडम, हे काय?"

"हात कुणाचा?"

तो पेटीकडे सरसावला. मी पेटीला पाठ लावून उभी राहिले. इतक्या बायांसमोर बाईला धरून बाजूला सारायची त्याची छाती झाली नाही. पहिल्यांदाच माझं बाई असणं धंद्यात कामी आलं.

"ज्या ग्रुपवर टाकलं, त्याच ग्रुपवर लिहा. मोटार कोणी भरली आणि वायर कोणी उलटी जोडली, दोन्ही."

"येवढ्यातेवढ्याचं काय घेऊन बसलाव!"

"एवढंतेवढं? तुमचा ऊस वाळला तर पुढच्या वर्षी परत लावाल. माझं दुकान एकच आहे."

तो काही बोलणार, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "आरं, लिव की. चूक तुझी, आन् तोंड वर करून बोलतूस?"

त्याने लिहिलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. 'मोटार चालू झाली.' मी म्हटलं, "निम्मंच उत्तर आहे. मार्क मिळणार नाहीत." बाया हसायला लागल्या. त्याचे कान लाल झाले. परत लिहायला घेतलं, एका बोटाने, दात आवळून: 'मोटार मामाच्या भाचीनं भरली. चांगली भरली. वायर मी उलटी जोडली होती.' मी पेपर तपासावा तसं सावकाश वाचलं. त्याने पाठवलं, मग मी बाजूला झाले आणि पाणी सुरू करून दिलं.

मी हात धूत होते, तोवर त्याच्या मोबाईलची रिंग वाजली. त्याने बोलून घेतलं, मग मोबाईल माझ्याकडे केला. "तुमालाच बोलायचंय."

पलीकडे त्याच ग्रुपवरचा एक अनोळखी माणूस होता. बोअरची मोटार जळाली होती. जरा अडखळत विचारत होता, "न्हाई म्हंजे, खरंच बाईच भरती का तिथं?"

"हो," मी म्हटलं. "बाईच भरते. आणा."