मॅडमसाठी घासलेला टोप

आमच्या बाजूला अॅल्युमिनियमला अजून जर्मनच म्हणतात. जर्मनचा टोप, जर्मनची परात. का म्हणतात ते मला आजही नक्की माहीत नाही. कॉलेजात आमच्या मराठीच्या मॅडमनी एकदा वर्गात विचारलं होतं की कुणाच्या घरी जुनं ओतीव जर्मन आहे का, पत्र्याचं नव्हे, साच्यात ओतलेलं, जाड बुडाचं. तेव्हा मी हात वर केला नाही. आमच्या घरी तसली भांडी होती, पण ती आईने एकेक करून मोडीत घातली होती. बाजारातल्या दुकानात मोड द्यायची आणि बदल्यात स्टीलचं ताट, वाटी, पेला आणायचा, असं करत करत तिने एक पूर्ण सेट जमवला होता. तो फळीवर प्लास्टिकमध्ये बांधलेला असे. कुणी आलं की काढायचा. पण ज्यांच्यासाठी काढावा असं कुणी आमच्याकडे येत नसे.

आईने लग्नानंतर बरीच वर्षं दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली. जर्मन घासलं की हात काळे होतात आणि ते काळं साबणाने लवकर जात नाही. बाबा मुंबईला नोकरीला, त्यामुळे माझ्या शाळेत पालक म्हणून आईच यायची, आणि सही करून झाली की हात पदराखाली घ्यायची. हे मला तेव्हा दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा कळला.

मॅडमना जुन्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं वेड आहे. त्या मला स्टाफरूममध्ये बसवून चहा द्यायच्या, वाचायला पुस्तकं द्यायच्या. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्राध्यापकांशी कसं बोलायचं, खुर्चीवर बस म्हटलं तर खरंच बसायचं का, हेही मला कळत नसे. त्यांनी कधी ते जाणवू दिलं नाही. म्हणून त्यांना काहीतरी द्यावं असं फार वाटायचं. विकत घेऊन देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

स्टँडच्या मागच्या भंगारवाल्याकडे तो टोप मला दिसला तेव्हा त्यात गंजके खिळे भरलेले होते. बाहेरून चुलीची काजळी इतकी बसलेली की झाडाची साल वाटावी. उचलून बघितला तर हाताला वजन लागलं. कड बोटाएवढी जाड, कान वेगळे जोडलेले नाहीत, टोपाबरोबरच ओतलेले. भंगारवाला म्हणाला, हा घेऊन काय करणार, कुंडी? मी हो म्हटलं, कारण खरं सांगायला लाज वाटली.

मागीलदारी बसून मी त्याच्यामागे लागले. आधी करवंटीच्या तुकड्याने काजळी खरवडली, मग ओली वाळू आणि नारळाची शेंडी. काजळीखाली वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तसाच होता, तो मला फार आवडला. आत मात्र चुकले. धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं आणि होता त्याहून टोप काळा पडला. मला रडू यायचं बाकी होतं. मग शेजारच्या झाडाखाली पडलेली आंबटढाण बिलंबीची फळं गोळा केली, ठेचून पाण्यात घातली आणि ते पाणी मंद आचेवर बराच वेळ उकळू दिलं. ओतून टाकलं तर आतून टोप मऊ, पांढुरका निघाला, ढगाळ दिवसाच्या उजेडासारखा. बूड डुगडुगत होतं. ते मागच्या दाराच्या चिऱ्यावर वाळू आणि पाणी घालून गोल गोल घासत राहिले, सपाट बसेपर्यंत. शेवटी पॉलिश पेपरचा हात फिरवला, पण चकचकीत केलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, जुन्या भांड्याचं वय पुसून टाकायचं नसतं. मग त्यात पेज शिजवली आणि ती माडाच्या मुळात ओतली, म्हणजे आत उरलासुरला काळा अंश पेजेबरोबर निघून जातो.

इतके दिवस माझे हात कोपरापर्यंत काळे असायचे. मी त्यांचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. आईने ते पाहिले. तिने हात पुसायला रॉकेलचा बोळा आणून माझ्याजवळ ठेवला.

टोप तयार झाल्यावर मी मॅडमना त्याच्याबद्दल सांगितलं आणि घरी बोलावलं. त्या लगेच हो म्हणाल्या. पण काही घाट घालायचा नाही, म्हणाल्या, उकड्या तांदळाची पेज आणि खोबऱ्याची चटणी, आणि तीही तुझ्या त्या टोपातली. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी आईला तसंच्या तसं सांगितलं.

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"पेज? आजारी आहेत काय गो त्या?"

मी हसले. मॅडमना साधंच आवडतं, म्हटलं. आई म्हणाली, साधं त्यांच्या घरी खातील ना, आपल्याकडे कशाला. तिचं म्हणणं होतं, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि गोड काहीतरी करू, स्टीलची ताटं काढू. कॉलेजातलं माणूस पहिल्यांदा घरी येतंय. भंगारातल्या टोपात शिजवून वाढलं तर उद्या ती बाई कॉलेजात सांगेल, त्या पोरीच्या घरी अजून जर्मन आहे. मी म्हटलं, आई, तसं नसतं, त्यांच्यात आता तेच भारी समजतात. "त्यांच्यात" हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. आईने सूप परत उचललं आणि म्हणाली, "बरं. तुझ्या मॅडम. तू म्हणशील तसं."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

मॅडम रविवारी दुपारी आल्या. मी मातीचे वाडगे आणले होते, ओसरीवर चटई टाकली होती. आईने ठेवणीतली साडी नेसून त्या टोपातली पेज वाढली. वाढताना तिने टोपाला फडकं असं गुंडाळलं होतं की तो कमीत कमी दिसावा. मॅडमनी मात्र तेच फडकं बाजूला करून टोपावर हात फिरवला आणि आईला विचारलं, "घरचाच ना हा? सासूबाईंचा वगैरे?"

मी कॉलेजात तसं कधी म्हटलं नव्हतं. पण तसं नाही, असंही म्हटलं नव्हतं.

"नाही ओ," आई म्हणाली. "आमचे होते ते मी मोडीत घातले. हा हिने भंगारातनं आणलाय."

"मोडीत घातले?" मॅडम मनापासून हळहळल्या. "अरेरे, केवढी जुनी वस्तू."

आई म्हणाली, "हो ना. तेव्हा कळलं नाही."

तिला तेव्हा सगळं कळत होतं. ते तिने किती विचार करून केलं होतं हे मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. मी चटणीचा वाडगा मॅडमपुढे सरकवला आणि अजून थोडी घ्या ना, एवढंच म्हटलं.

जेवण झाल्यावर मी टोप धुऊन पुसून आणला आणि मॅडमच्या हातात द्यायला पुढे केला. माझ्याकडून भेट, असं काहीतरी पुटपुटले. मॅडम घेणार तेवढ्यात आईने तो मधेच माझ्या हातातून घेतला.

"रिकामं भांडं देतात काय गो कुणाला?"

आमच्याकडे कुणाला भांडं द्यायचं किंवा परत करायचं तर रिकामं देत नाहीत. मूठभर तांदूळ तरी घालतात. मला वाटलं, तांदूळच घालेल. मी तिच्या मागोमाग आत गेले. आईने ओट्याखालून एक डबा काढला. त्यात शिरा होता, आटवलेल्या आंब्याच्या रसाचा, वर काजूचे तुकडे नीट ओळीने लावलेले. डब्याशेजारी ओल्या फडक्याखाली पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती. मी पहाटे उठायच्या आधी तिने हे सगळं केलं होतं. जेवताना मी एकदा जरी म्हटलं असतं, आई, अजून काही आहे का, तर तिने पुऱ्या तळायला घेतल्या असत्या. ती माझ्या त्या एका शब्दाची वाट बघत होती आणि मी वाडग्यांचे फोटो काढत होते.

तिने सगळा शिरा टोपात भरला, वर केळीचं पान लावलं आणि बाहेर जाऊन मॅडमच्या हातात दिला. "गरम करून खा हं," एवढंच म्हणाली.

मॅडम गेल्यावर तिने पुऱ्या तळल्या. कणीक फुकट घालवायची नाही, म्हणाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसून खाल्ल्या. शिरा आमच्यासाठी उरला नव्हता. मी सॉरी म्हणायचं ठरवलं, पण तो शब्द आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. मी म्हटलं असतं तर ती अवघडली असती. मी तिला पाणी वाढलं.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. सोबत फोटो होता. त्यांच्या दिवाणखान्यातल्या शेल्फवर टोप ठेवलेला, आत सुकलेली लव्हाळी खोचलेली. खाली लिहिलं होतं की किती सुरेख दिसतोय, तू किती निगुतीने स्वच्छ केलास, तुझ्या हातात कसब आहे. शिऱ्याबद्दल एक शब्द नव्हता. विसरल्या असतील. किंवा मग सांगतील. मी दोन-तीनदा मेसेज वाचला, तो शब्द कुठे नजरेतून सुटला का ते बघत.

आईने मान वळवून विचारलं, "मॅडम काय? खाल्ला का त्यांनी?"

"हो," मी म्हटलं. "फार आवडला म्हणाल्या. सगळ्यांनी संपवला लगेच."

"काजू जास्त झाले काय?"

"नाही. बरोबर होते."

आई म्हणाली की पुढच्या खेपेला मला दोन दिवस आधी सांग, तेव्हा रस ताजा असला तर बघू. त्यांच्या घरात किती माणसं आहेत तेही विचारून ठेव.

मी अजून विचारलेलं नाही. कॉलेजात मॅडम भेटतात, आईला नमस्कार सांग म्हणतात, आणि मी घरी आले की आई विचारते, कधी येतायत. मी म्हणते, परीक्षा झाल्या की.