दोनशे बारा ओळी

माझ्या बायकोचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. पाचला इस्पितळाच्या धुलाई विभागात हजेरी. तिथं तिनं सव्वीस वर्षं काढली, बहुतेक चादरींच्या इस्त्रीयंत्रावर. दोघींनी ओली चादर ताणून तापलेल्या रोळांत सरकवायची. पलीकडून ती कोरडी निघते. एका पाळीला सहाशे चादरी. पाळी संपली की यंत्राचा स्विच बंद करायचा तो तिनंच.

नोकरीच्या चोविसाव्या वर्षी तिचा उजवा अंगठा रोळात सापडला. तुटला नाही, पण वाकेनासा झाला. दोन महिन्यांनी ती कामावर गेली आणि चादरींच्या घड्या घालू लागली. पेन मात्र धरता येईना.

त्याच वर्षी आमच्या मुलीला दिवस गेलेले. पहिलटकरीण, सातवा महिना, आणि सासर दूर. फोन खालच्या दुकानात. तिथं बोललेलं चार जणांच्या कानांवर जायचं. मी म्हणालो, "तू सांग, मी लिहितो."

"बायकांचं तुमच्यासमोर काय सांगणार? आणि निम्मं तुमच्याबद्दलच असतं."

माझा धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्त करायचा. कोणाकडे तरी पडून असलेला जुना कॉम्प्युटर त्यानं आमच्या टीव्हीला जोडून दिला. त्यावर पत्र लिहायचं, खोडायचं, तर आधी त्यात टेक्स्ट एडिटर नावाचा प्रोग्रॅम घालायला हवा होता. तो विकत मिळेना. ते मशीन बाजारातून केव्हाच उठलं होतं. सोबतच्या पुस्तकात तो छापलेला होता. नुसते आकडे, दोनशे बारा ओळी. सगळं हातानं टाइप करायचं, आणि एक आकडा चुकला तरी प्रोग्रॅम चालत नाही.

रविवारी ती सकाळी सातला बसली. मी आकडे वाचत होतो, ती डाव्या हातानं बटणं दाबत होती. मध्ये जेवणापुरती उठली. संध्याकाळपर्यंत एकशे अठरा ओळी झाल्या. पाठ चोळत ती उभी राहिली आणि सवयीनं भिंतीवरचा स्विच बंद केला.

सोमवारी पडदा कोरा.

भाऊ आला. "वहिनी, कॅसेटवर उतरवलं होतं का?"

"कॅसेटवर गाणी असतात."

"यात हेही उतरवावं लागतं. वीज गेली की मशीन सगळं विसरतं. दादाला मी सांगून गेलो होतो."

सांगून गेला होता. मीच लक्ष दिलं नव्हतं.

"त्यांना काही बोलू नका, भावजी," ती म्हणाली. "स्विच मी बंद केला."

त्याच दिवशी ती पुन्हा पहिल्या ओळीपासून बसली. रोज पाळीवरून आल्यावर दोन तास. दर दहा ओळींनी कॅसेटवर उतरवायचं. नवव्या दिवशी ओळी संपल्या, पण प्रोग्रॅम चालेना. सगळं परत तपासलं. एकशे तिसाव्या ओळीतला एक आकडा मी वाचताना गाळला होता.

"आमच्या धुलाईत कामाला असता तर पहिल्याच दिवशी घरी बसवलं असतं," ती म्हणाली आणि आकडा घातला.

एडिटर चालला. तिनं तीन-चार अक्षरं लिहिली, पुसली, परत लिहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुम्ही जरा बाहेर फिरून या."

चार दिवस मी फिरलो. पत्र झालं, पण ते पडद्यावर. पोस्टात टाकणार काय? मग तिनं तीन आठवडे जादा पाळ्या केल्या. मुलीच्या हातात चार पानं पडली तेव्हा बाळंतपणाला अकरा दिवस होते. त्या पानांत काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. जादा पाळ्यांच्या पगारातून एक जुना प्रिंटर आला होता.