एकाच माणसाची तक्रार

मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. "कुठे जोडून देऊ?" एवढं एकच वाक्य ती दिवसभर म्हणायची, आणि समोरच्याच्या श्वासावरून तिला कळायचं की हा माणूस पेढे वाटायच्या घाईत आहे की रडायच्या बेतात. डोळे हळूहळू गेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. चाळिशी आली, चष्मा बदलायला हवा, असं म्हणत तिनं ते अंगावर काढलं. मग एका दुपारी बोर्डावरचा कुठला दिवा लागलाय ते दिसेना, आणि बाळंतिणींच्या वॉर्डसाठी आलेला फोन तिनं शवागाराला जोडून दिला. कुणी तिला शब्दानं दुखावलं नाही. तिनं स्वतःच राजीनामा लिहून दिला आणि थोरल्या भावाकडे राहायला आली.

दादा आणि वहिनी दोघंही कामाला जायची. दिवसभर रिकाम्या घरात बसून तिचा जीव आंबून गेला. शेवटी वहिनीनं गॅलरीत चार कुंड्या आणून ठेवल्या. "वन्सं, ह्यांना पाणी घाला. मरू दिलीत तर तुमच्याशी बोलणार नाही." पानं चिमटीत धरून, माती बोटानं उकरून, खोड हुंगून ती झाडं शिकली. कॉम्प्युटरवरचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम दादानं बसवून दिला होता. त्यावर शोधता शोधता तिला कुंडीत झाडं लावणाऱ्यांची एक वेबसाइट सापडली. तिथे प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागे. तिनं घेतलं 'कानोसा'.

साइटवर गप्पा फार, पण निम्म्या गप्पा फोटोंच्या. लोक लिहायचे, "बघा कसं फुललंय!" आणि प्रोग्राम म्हणायचा, "चित्र." साइटवर 'चुका कळवा, सुधारणा सुचवा' असा एक कोपरा होता. तिथे तिनं लिहिलं की फोटो टाकताना त्यात काय आहे ते दोन शब्दांत लिहायची सोय करा, मला दिसत नाही. खाली कुणीतरी लिहिलं, "दिसत नसेल तर झाडांच्या साइटवर यायचंच कशाला?"

त्या माणसाला उत्तर दिलं 'निवडुंग' नावाच्या सभासदानं. हा निवृत्त बसड्रायव्हर होता. बायको वारलेली, मुलगी परगावी, आणि जिभेला हाड नाही. साइटवरच्या प्रत्येकाशी त्याचं एकदा तरी वाजलेलं होतं. त्यानं लिहिलं, "तुला दिसतंय ना? मग तुझ्या गुलाबावरची कीड का दिसली नाही? गेले चार फोटो बघतोय मी." आणि लगेच स्वतःच्या फोटोखाली शब्दांत लिहिलं : "ठेंगणं, गोल, मांजर रागावल्यावर फुगतं तसं. काटे वरून मऊ वाटतात, पण ते नुसतं वाटण्यापुरतंच. वास नाही. माझ्यासारखंच."

ती एकटीच गॅलरीत खळखळून हसली.

फोटोखाली लिहायची सोय पुढे साइटनं केली. तिला चुका सापडत गेल्या आणि ती कळवत गेली. ह्या बटणाला नाव नाही, इथे अडकून पडायला होतं, तो रकाना दोनदा वाचला जातो. अशा चुकांना बग म्हणतात हे कळल्यावर वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "वन्सं आत ढेकूण वेचतायत." निवडुंगाशी मात्र तिचं खाजगी निरोपांतून रोज बोलणं होई. तिनं एकदा फोन नंबर मागितला होता. आयुष्यभर माणसं आवाजावरून ओळखलेली बाई ती. त्यानं लिहिलं, "नको, बाई. आवाज ऐकाल तर पळून जाल. लिहिताना मी बरा असतो."

एका शुक्रवारी त्याचा निरोप आला, "खोकला हटत नाही. सोमवारी तपासण्यांचा निकाल आहे. डॉक्टर ताकास तूर लागू देत नाही. कळवतो तुम्हाला. दुसऱ्या कुणाला सांगायला जाणारे मी?"

शनिवारी साइटचं रूप बदललं. आत शिरणारं यंत्र नसून माणूसच आहे ना, हे ठरवायला आधी एक परीक्षा आली : खालच्या चित्रांपैकी ज्यांत शिडी आहे ती निवडा. प्रोग्राम वाचू लागला, "चित्र. चित्र. चित्र." कानानं ऐकायची काही सोय शोधावी म्हणून तिनं पान वरपासून खालपर्यंत चाचपलं. नव्हती. तक्रार करायला ती नेहमीच्या कोपऱ्याकडे वळली, तर तिथे उत्तर मिळालं : "सूचना देण्यासाठी कृपया आधी प्रवेश करा." किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.

संध्याकाळी वहिनी शेजारी बसली. "ही शिडी म्हणायची की खिडकीचे गज, वन्सं?" वहिनीनं दोनदा चुकीचं निवडलं, तिसऱ्यांदा वेळ संपली. मग साइटनं संशय घेऊन तिचं खातंच बंद केलं. ते उघडायचं तर जुन्या ईमेलवरून कळवायला हवं, आणि ते ईमेल होतं नोकरीतलं, दवाखान्यानं मधल्या काळात बंद केलेलं.

सोमवार आला आणि गेला.

दादाच्या ईमेलवरून तिनं साइटला लिहिलं. लगेच उत्तर आलं, "आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे." तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी. दादाच्या नावानं नवं खातं काढून पाहिलं, पण नव्या माणसाला पहिले काही आठवडे खाजगी निरोप पाठवता येत नाहीत, असा नियम निघाला. सगळ्यांसमोर लिहावं, तर 'निवडुंग, तुमच्या तपासणीचं काय झालं' हे चारचौघांत कसं विचारायचं? त्यानं विश्वासानं सांगितलेलं. तिनं नुसतं लिहिलं, "निवडुंग, कानोसा इथे आहे, अडकली आहे." नवीन खात्यावरून दुसऱ्याच्या नावानं लिहिलं म्हणून ते कुणीतरी काढून टाकलं, खात्यासकट.

दादा म्हणाला, "अगं, एका साइटचं काय घेऊन बसलीस? दुसऱ्या नाहीत का?"

"साइट दुसरी मिळेल, दादा," ती म्हणाली.

असे आठवडे गेले. शेवटी तिनं जे येत होतं तेच केलं. फोन उचलला. साइट चालवणाऱ्या कंपनीचा नंबर मिळवला आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर स्वतःला जोडून घेत राहिली. कुणी म्हणे साहेब जेवायला गेलेत, कुणी म्हणे आमच्याकडे येत नाही ते. तिनं कुणावर आवाज चढवला नाही. फोन ठेवला मात्र नाही. होता होता साइटची देखभाल करणारा माणूस लाइनवर आला. आवाजावरून तरुण आणि दमलेला.

"हो मॅडम, तुमचे ईमेल आलेत आमच्याकडे," तो म्हणाला. "पण काय आहे, चुका आम्ही महत्त्वानुसार लावतो. ही एकाच माणसाची तक्रार होती."

"हो," ती म्हणाली. "मीच ती."

मग त्यानं विचारलं, "तुमचा प्रोग्राम त्या पानावर नक्की काय वाचतो?" तिनं फोन स्पीकरजवळ धरला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात चित्रांच्या जागी आकडे ऐकून लिहायची सोय झाली आणि तिचं खातं उघडलं.

निरोपांच्या पेटीत निवडुंग होता.

"कानोसाबाई, निकाल लागला. नापास झालो. फुफ्फुस." त्याखाली, "वाचलंत ना?" त्याखाली, "काही चुकीचं बोललो का मी? माझ्या तोंडाचा भरवसा नाही, तुम्हाला माहीतच आहे." मग दवाखान्यातून, "इथे खिडकीत कुणीतरी ठेवलेली कुंडी आहे. पान जाड, कडेला कातरल्यासारखं, चुरडलं की लिंबासारखा वास. तुम्ही लगेच नाव सांगितलं असतंत." आणि शेवटचा, "माणसं आजाऱ्याला कंटाळतात, तो काही गुन्हा नाही. मी रागावलेलो नाही. एवढंच कळवायचं होतं."

त्याखाली त्याच्या मुलीनं लिहिलं होतं, की बाबा गेले, आणि खाली फोन नंबर होता.

प्रोग्रामनं हे सगळं एका सुरात वाचलं. 'बाबा गेले' आणि 'उत्तर द्या, बटण' ह्यांत त्याला काही फरक नव्हता. तिनं वहिनीला हाक मारली. "तू वाच. हळू वाच." वहिनी वाचू लागली आणि चौथ्या निरोपापाशी तिला पुढे वाचवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या मुलीला फोन लावला आणि आपलं टोपणनाव सांगितलं.

"कानोसा मावशी?" मुलगी म्हणाली. "तुमचं नाव फार घ्यायचे. शेवटी शेवटी मला रोज विचारायचे, काही आलंय का बघ. मी म्हणायची, बाबा, नाही आलं. मला... खरं सांगू? मला तुमचा राग आला होता."

तिनं सगळं सांगितलं. शिडीची चित्रं, बंद झालेलं खातं, काढून टाकलेला निरोप. सांगताना तिचं तिलाच ते क्षुल्लक वाटत होतं. एक माणूस वाट बघत गेला आणि कारण काय, तर शिडी.

मुलीचा श्वास ऐकू येत होता.

"हे त्यांना कळायला हवं होतं, मावशी," ती शेवटी म्हणाली.

"हो," ती म्हणाली.

त्याच्या झाडांचं काय झालं, हे तिनं भीत भीत विचारलं. घर रिकामं करायचं होतं, मुलीला त्यातलं काही कळत नव्हतं. कुंड्या जो येईल त्याला देऊन टाकल्या होत्या.

देखभालीच्या माणसाला तिनं हे मुद्दाम सांगितलं नसतं. त्यानंच विचारलं, "ताई, मिळाले का तुमचे निरोप?" म्हणून सांगितलं. त्यानं माफी मागितली. "राहू दे," ती म्हणाली. "मला एक सुचवायचंय, लिहून घे. कुणाचं खातं बंद केलंत, तर त्याला निरोप पाठवणाऱ्याला तसं कळू दे. हा माणूस गप्प बसलेला नाही, तो बाहेर अडकलाय, एवढंच." तो म्हणाला, वरिष्ठांना विचारावं लागेल. ती सूचना अजून 'विचाराधीन' आहे.

हल्ली साइटवर काही बदलायचं झालं की तो आधी तिला फोन करतो आणि ती पान चाचपून काय अडतंय ते सांगते. ह्या कामाचं तिला कौतुक नाही, कंटाळाही नाही. झाडांच्या गप्पांत ती आता फारशी लिहीत नाही. वहिनीनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "कुणाला सांगू? फोटोखाली सगळेच लिहितात आता. 'लाल फूल' लिहितात."