वहिनी आल्या, कोहळा शिजवा

थंग क्वेचन हे त्यांचं नाव. पण त्या नावाने हाक मारणारं ग्वांगझौमध्ये कुणी उरलं नव्हतं. आमच्या चहाघरात सगळे त्यांना वहिनी म्हणत. खिडकीजवळच्या गोल टेबलावर लाय पिंगक्वान आणि त्याचे तीन मित्र रोज सकाळी बसायचे, आणि पिंगक्वानची बायको म्हणून या वहिनी. त्या टेबलाच्या किटलीत गरम पाणी घालता घालता माझे केस पिकले, तेव्हा तिथलं काय ते मला कुणी शिकवू नये.

वहिनी उत्तरेकडच्या. पिंगक्वान तरुणपणी शेनयांगच्या कारखान्यात नोकरीला गेला आणि येताना त्यांना घेऊन आला. त्यांची भाषा मँडरिन, आमची कँटोनीज. लिहायची अक्षरं मात्र दोन्हीकडे एकच, म्हणून वर्तमानपत्र टेबलावर फिरायचं तेव्हा वहिनीही तीच बातमी वाचायच्या आणि आमच्यासारखीच मान हलवायच्या. पण तीच बातमी त्या तिघा मित्रांतल्या आऊ मास्तरांनी मोठ्याने वाचली की त्यांना वाटायचं, मास्तरांनी पान उलटलं की काय. आमच्या बोलीत आवाजाचे चढउतार फार. वहिनींचा आवाज मँडरिनच्या चार पायऱ्या चढायचा आणि तिथेच दम खात बसायचा.

पिंगक्वान घरी बायकोशी मँडरिन बोलायचा, ती पण अशी, की जणू अनवाणी खडीवरून चाललाय. त्यामुळे घरी मोजकंच. जेवलीस का, दिवा घालव, उद्या थंडी आहे. टेबलावर मात्र दुसऱ्याला बोलू देईल तर शपथ! वहिनी शेजारी बसून कोळंबीच्या उकडलेल्या करंज्या त्याच्या ताटलीत सरकवायच्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आसिम, माझा नवरा घरी वेगळा आणि इथे वेगळा. इथला जास्त मजेदार आहे गं. तो मला कळत नाही, एवढंच."

गेल्या हिवाळ्यात पिंगक्वान गेला. मित्र माणसं चांगली. त्यातला जाड्या, आडनाव हो, स्वतः त्यांच्या घरी जाऊन म्हणाला, "वहिनी, तुमची खुर्ची तुमचीच. रोज यायचं." त्या येऊ लागल्या. आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला.

आमच्याकडे मँडरिन बोलण्याला थट्टेने कोहळा शिजवणं म्हणतात. वहिनी जिन्याच्या तोंडाशी दिसल्या की जाड्या हो हळूच म्हणायचा, "वहिनी आल्या, कोहळा शिजवा!" लगेच तिघे मँडरिन सुरू करायचे. पिंगक्वान होता तेव्हा तो कुणाला शिजवू द्यायचा नाही. आता समोर बाई एकटी, मग तिला न कळणाऱ्या भाषेत बोलायचं कसं? पण मँडरिनमध्ये या तिघांना येणार काय! आजची हवा, गुडघे आणि भाजीचे भाव. ते संपलं की टेबलावर नुसता कपांचा आवाज.

वहिनी म्हणायच्या, "तुम्ही आपले तुमच्यात बोला ना. मला बरंचसं समजतं."

"छे छे!" आऊ मास्तर म्हणायचे. "तुम्ही बसलेल्या असताना? बरं दिसतं का ते?"

वहिनींनी आमच्या बोलीत दोन शब्द बोलून पाहिले, तर तिघे कौतुकाने हसले आणि उत्तर मँडरिनमध्ये दिलं. मला तर असा राग यायचा, की किटली तशीच त्या टेबलावर आदळावी. पण शिष्टाचाराला कोण काय बोलणार?

मग तिघे लवकर यायला लागले. वहिनी यायच्या आत हसून खिदळून घ्यायचं, असा बेत. एकदा वहिनीही लवकर आल्या. मी जिन्यातच होते. वर जाड्या हो पिंगक्वानचा भाजक्या हंसाचा किस्सा सांगत होता, थेट पिंगक्वानच्या आवाजात. पिंगक्वानला दुकानदाराने हंस म्हणून सगळी मानच बांधून दिली होती, तो किस्सा. वाक्याचं शेवटचं अक्षर तसंच लांबवून ओढलेलं. वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं की नाही कोण जाणे, पण हसताना त्यांचे डोळे भरून वाहत होते.

त्या वर पोचल्या आणि कोहळा चुलीवर चढला. वहिनी म्हणाल्या, "तो हंसाचा किस्सा पुरा करा ना." जाड्या होने मँडरिनमध्ये पुरा केला. पिंगक्वानने हंस घेतला. त्यात मान जास्त होती. तो चिडला. संपलं. कुणी हसलं नाही, वहिनी मात्र भिडेखातर हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "आसिम, खांबामागचं टेबल दे मला. त्यांना सांगू नकोस."

"वहिनी, तुमचा मुलगा चेंगदूला बोलावतोय ना? तिकडे सगळे तुमच्यासारखंच बोलतात."

"सगळे बोलतात गं. पण यांचा आवाज तिथे कुणाकडे नाही. इथे निदान जाड्याच्या तोंडून येतो."

मी खांबामागे चहा ठेवला. त्या मित्रांच्या टेबलाकडे पाठ करून बसायच्या, मान किंचित तिरकी, आणि होच्या बोलण्यामागून नुसते ओठ हलवायच्या. तिघांना वाटलं, वहिनी मुलाकडे गेल्या. "बरं झालं," जाड्या हो म्हणाला. "इथे आपण तिघं असून बिचारी एकटीच होती." वहिनींनी कप खाली ठेवला. ते मात्र त्यांना सबंध कळलं होतं.

एका सकाळी जाड्या हो किस्सा मध्येच सोडून हात धुवायला उठला, खांबाला वळसा घातला आणि समोर वहिनी. तो पार ओशाळला. वहिनी मात्र शांतपणे, आमच्या बोलीत, एकही चढउतार न चुकता म्हणाल्या, "भावोजी, माझ्यासाठी थांबू नका. तुमचा किस्सा अर्धा राहिलाय, जा आणि पुरा करा."

माझा हात किटलीवरच राहिला. वाक्य सबंध होतं, आणि शेवटचं अक्षर पिंगक्वानसारखं ओढलेलं. आता हा गडी पाघळणार आणि तिथेच बसून आमच्या बोलीत बोलायला लागणार, अशी माझी खात्री झाली.

जाड्या होचा चेहरा खरोखर फुलला. त्याने टाळ्या वाजवल्या आणि मित्रांना ओरडून बोलावलं. "या रे इकडे, ऐका! वहिनी काय सुंदर बोलतात आपली भाषा!" मग त्यांच्याकडे वळून, अगदी मनापासून, शब्द निवडून निवडून, मँडरिनमध्ये म्हणाला, "कमाल आहे तुमची. बाहेरच्या माणसाला इतकं छान जमलेलं मी पाहिलं नाही."

वहिनींनी मँडरिनमध्ये आभार मानले. तिघांनी त्यांना आग्रहाने आपल्या टेबलावर नेलं, खुर्ची पुसून दिली आणि आज हवा कशी दमट आहे ते सांगायला सुरुवात केली.