गिरणीच्या आधी

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मालेगावात राहून मी हौसेनं वर्षभराच्या सूर्योदयाच्या वेळा काढणारं यंत्र बांधलं होतं. त्यातल्या चिपला सगळं गणित करायला पाऊण तास लागायचा, आणि शेजारची पिठाची गिरणी दिवसभर दर अर्ध्या तासानं सुरू व्हायची. रात्री वीजच नसायची, ती यायची गिरणी उघडायच्या सुमारास. व्होल्टेज घसरायचं, यंत्र सगळं विसरायचं. महिनाभरात एकदाही उत्तर आलं नाही. शेवटी मी जास्त वेगाची चिप आणायचं ठरवलं.

"ट्रॅक्टरची बॅटरी जोड ना त्याले," वडील म्हणाले. "नवी चिप कायले पाह्यजे?"

मी भडकलो. यांना यातलं काय कळतं! मुंबईच्या मित्राकडून चौपट वेगाची चिपच मागवली.

ती बसवली त्या सकाळी गिरणीवाला कुलूप काढत असतानाच मी बटण दाबलं. वडील पंचांग उघडून बसले. दहा मिनिटं झाली. गिरणीची मोटर घुरघुरली, बल्ब पिवळा पडू लागला, आणि तेवढ्यात आकडे उजळले. आजचा सूर्योदय: दुपारी दोन.

वडील पंचांग मिटून उठले. 

माझं सूत्रच चुकलं होतं. बॅटरी जोडली असती, तर महिन्यापूर्वीच कळलं असतं.