तांदळाच्या कोठीतले कागद

जुन्नर तालुक्यात मढच्या बाजूला पावसाळ्यात कागद टिकत नाही. भिंतींना ओल येते, ट्रंकेच्या तळाला बुरशी धरते, आणि आषाढात घडी घालून ठेवलेला दाखला भाद्रपदात उलगडायला गेले की घडीवर फाटतो. म्हणून मंगलच्या वस्तीवर एक रीत पडली होती. तिच्या घरी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी आहे. तीत तांदळावर प्लास्टिकच्या पिशव्या ठेवायच्या. प्रत्येक घराची एक पिशवी, आत आधार कार्डे, जन्माचे दाखले, रेशनकार्ड. ही रीत मंगलच्या सासूने पाडली असे मंगल सांगते. शेजारच्या बनाबाईचे म्हणणे असे की, पहिली पिशवी तिने स्वतः नेऊन ठेवली. दोन्ही म्हणणी मी नोंदवून ठेवली आहेत. निवाडा करण्याजोगा पुरावा उपलब्ध नाही.

मंगल चाळिशीच्या आतली आहे. भात झोडून झाले की वस्तीवरच्या बायकांची टोळी घेऊन ती खोडदच्या शिवारात कांद्याच्या लागणीला जाते. तिथे शेतांमध्ये रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत. टोळीच्या भाषेत त्या छत्र्या. “एवढी थोरली छत्री, पन सावलीला नुसती जाळी,” अशी त्यांच्याविषयीची बनाबाईची कायमची तक्रार आहे. बनाबाई बौद्ध घरातली, मंगलहून वयाने मोठी. दोघी एकाच वाफ्यात समोरासमोर बसून लावतात आणि दिवसभर भांडतात.

दोन वर्षांपूर्वी, भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, तोंडावर, एक तरुण मोटरसायकलवरून वस्तीवर आला. कामाला जाणाऱ्या बायकांचा अपघात विमा काढून देतो, मुलांचाही त्यातच होईल, असे त्याने सांगितले. घरोघर फिरण्याची त्याला गरजच पडली नाही; सगळ्या पिशव्या एकाच कोठीत होत्या. मंगलने त्या झेरॉक्ससाठी दिल्या. संध्याकाळी त्याने त्या परत आणल्या, एकही कागद इकडचा तिकडे न होता, गाठी मारलेल्या तशाच. मंगलने प्रत्येकीला आपापली पिशवी तपासायला लावली. सगळे जागेवर होते. विमा आला नाही, तेव्हा वस्तीने खांदे उडवले. चोरी झाली असेल असे कुणाच्या मनातही आले नाही, कारण वस्तीच्या हिशेबी चोरी म्हणजे वस्तू नाहीशी होणे, आणि इथे तर काहीच नाहीसे झाले नव्हते.

मंगलची मुलगी हर्षाली पाचवीत गेली, तेव्हा ते उघडकीला आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतले सुदर्शन सर मुलांचे शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरत होते. हर्षालीने उन्हाळ्यापासून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या होत्या. वस्तीवरून त्या परीक्षेला बसणारी ती पहिलीच मुलगी. तिचा आधार क्रमांक पडताळणीला घेतला, आणि संगणकाने तो नाकारला. हा क्रमांक आंबेगाव तालुक्यातल्या एका खासगी शाळेच्या ऑनलाइन पटावर आधीच होता. पटसंख्या फुगवण्यासाठी तिथे न शिकणारी मुले दाखवली गेली होती, हे पुढे स्पष्ट झाले. त्या शाळेचे नाव मी इथे देत नाही. चौकशी अजून पुरी झालेली नाही.

सरांनी मंगलला बोलावून घेतले.

“सर, पोरगी तर तुमच्याम्होरं बसलीय.”

“मला दिसतेय हो, मंगलताई. संगणकाला दिसत नाहीये.”

“मग त्येला चष्मा लावा की!”

सरांना हसू आले, पण उपाय सुचला नाही. दुसऱ्या शाळेने नाव सोडल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता, आणि अर्जाची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. त्यांनी तालुक्याच्या कार्यालयामार्फत पत्र पाठवले. उत्तर आले: विद्यार्थिनी आमच्याकडे नियमित येते.

क्रमांक त्या विम्याच्या झेरॉक्समधूनच गेला, अशी बातमी वस्तीवर पसरली तशी कोठी रिकामी होऊ लागली. ठकूबाईने पिशवी उचलताना सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, “लई घट्ट झाकण म्हनायचीस की गं!” तांदळावर शेवटी एकच पिशवी उरली, बनाबाईची.

“तुजी न्यायची न्हाई का?” मंगलने विचारले.

“कुटं नेऊ? माज्या घरात गळतंय. आन जे जायचं ते गेलंच हाय. आता त्या शाळंत कदी जायचं ते बोल.”

त्यानंतरच्या सकाळविषयी मी मंगल, बनाबाई आणि सुदर्शन सर यांना वेगवेगळे विचारले. तिघांच्या सांगण्यात जेवढे जुळते, तेवढेच इथे घेतले आहे.

टोळीची पिकअप त्या दिवशी खोडदला थांबली नाही. गाडी तशीच पुढे आंबेगावच्या हद्दीत नेली. सर रजा टाकून मोटरसायकलवर मागे होते. बायका डोक्याला बांधलेल्या फडक्यांसह शाळेच्या आवारात उतरल्या. मंगलने मुलीचे नाव सांगून विचारले, ही तुमच्या शाळेत आहे का. मुख्याध्यापक गडबडले, पण सावरून म्हणाले, “आहे ना. आज आलेली नाही. आजारी आहे.”

“आजारी व्हय?” बनाबाईने हर्षालीला पुढे केले. “मग कपाळाला हात लावून बगा राव, हितंच उबी हाय.”

समोरच पाचवीचा वर्ग होता. तिथल्या तरुण शिक्षिका हजेरी घेत होत्या. हर्षाली कुणी न सांगता दारात जाऊन उभी राहिली. नावे एकामागून एक पुकारली गेली, मुले “हजर” म्हणत गेली. हजेरी संपल्यावर हर्षाली म्हणाली, “बाई, माझं नाव राहिलं.”

वर्ग हसला. बाईंनी नाव विचारले. तिने पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासह. या नावाची मुलगी वर्गात आहे का, असे बाईंनी मुलांना विचारले. कुणीही हो म्हटले नाही. पहिल्या बाकावरच्या एका मुलीला मात्र ही नवीनच आलेली वाटली असावी. ती सरकली आणि तिने बाकावर जागा करून दिली.

बाईंनी त्या बाकाकडे पाहिले. मग बाहेर येऊन मुख्याध्यापकांना म्हणाल्या, “सर, ही मुलगी माझ्या वर्गात कधीच नव्हती. मी तसं लिहून देते.” त्यांनी लिहून दिले. त्यांचे धाडस किती होते ते त्यांच्या नोकरीकडे पाहून समजावे; त्यांनी मला नाव न छापण्याची विनंती केली, ती मी पाळतो आहे.

नाव सुटले. मुदत संपण्याच्या आत सरांनी हर्षालीला आपल्या ऑनलाइन पटावर घेतले आणि अर्ज भरला.

सगळे मात्र निस्तरले नाही. बनाबाईच्या नातवाचा, रत्नदीपचा, क्रमांक आणखी एका शाळेत सापडला. ते प्रकरण चालू आहे. मोटरसायकलवरचा तरुण मिळालेला नाही. आधारचा क्रमांक बदलून मिळत नाही, त्यामुळे एकदा बाहेर गेलेला क्रमांक मुलासोबत मोठा होतो. सरांनी वस्तीवरच्या मुलांना जुन्नरला नेऊन त्यांचे बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घेतले आणि ते परस्पर वापरता येऊ नयेत म्हणून बंद, म्हणजे लॉक, करून ठेवायला शिकवले. दर जूनमध्ये प्रत्येक मुलाचे नाव पटावर पाहायचे, असेही ठरले आहे. ते किती वर्षे पाळले जाईल, हे आज सांगता येणार नाही.

संक्रांतीला मंगलने हळदीकुंकू केले. वाण म्हणून तिने ना वाटी लुटली ना कंगवा. प्रत्येकीला जाड टोकाचा पेन दिला. कागदाची झेरॉक्स कुणालाही द्यायची तर आधी कशासाठी ते विचारायचे, आणि तेच झेरॉक्सवर आडवे लिहून द्यायचे, हे वाणासोबतचे सांगणे. ठकूबाई पेन उलटसुलट करून म्हणाली, “मला कुटं ल्ह्याया येतंय?”

“नातीला सांग. ती ल्ह्यायला टपलीच आसंल.”

बनाबाई दारातच थांबली होती. “कुकू मला नको,” ती म्हणाली. “पेन आन. पेन तर आमचाच हाय पयल्यापासून.”

ठकूबाईची पिशवी त्याच आठवड्यात कोठीत परत आली. पेन पिशवीच्या आत होता.

फेब्रुवारीत ओतूरच्या केंद्रावर परीक्षा झाली. दारात एक जण मुलांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा करत होता. हर्षालीने विचारले, कशासाठी.

“फायलीला लागतं गं. दे लवकर.”

तिने दप्तरातून पेन काढला, झेरॉक्स भिंतीवर धरली आणि आडवे लिहिले: फक्त या परीक्षेसाठी. खाली तारीख घातली.

“अगं, खराब केलास की कागद!”

“आता चांगला झाला, सर,” असे म्हणून ती आत गेली आणि आपला बैठक क्रमांक शोधून त्या बाकावर बसली.